सायकलचे दिवे

रात्री किंवा अंधुक उजेडात सायकल चालविताना पुढचा रस्ता दिसावा आणि इतरांना सायकलस्वार दिसावा, यांसाठी सायकलीवर बसविण्यात येणाऱ्या प्रकाशसाधनांना सायकलचे दिवे म्हणतात. पुढील बाजूस पांढरा व मागील बाजूस तांबडा प्रकाश देणारे दिवे वापरण्याची पद्धत बहुतेक देशांत रूढ आहे. सध्या प्रचारात असलेले पुढचे दिवे मुख्यत्वे पुनर्भारणक्षम, म्हणजे पुन्हा पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या घटांवर चालतात. या अवस्थेपर्यंत येण्यास सु. सव्वाशे वर्षे लागली. या काळात तेल, वायू, कोरडे विद्युत् घट, जनित्र आणि संचायक घट अशी प्रकाशाची साधने क्रमाने पुढे आली.

पाहणे आणि दिसणे ही सायकलच्या दिव्याची दोन कार्ये भिन्न आहेत. पहिल्यासाठी रस्त्यावर पडणारा पुरेसा तीव्र झोत लागतो, तर दुसऱ्यासाठी मंद पण न विझणारा प्रकाशही पुरतो. सायकलस्वाराच्या अंगी शंभर वॉटांच्या आसपास शक्ती असते व ती बहुतेक सायकल पुढे नेण्यातच खर्च होते. त्यामुळे प्रकाशासाठी वेगळी ऊर्जा बरोबर वाहून न्यावी लागते किंवा स्वाराच्या श्रमातूनच ती काढून घ्यावी लागते. सायकलच्या दिव्याच्या इतिहासात या अडचणीचे निरनिराळे तोडगे आढळतात. त्याचबरोबर अंधारातील अपघात टाळण्याची जबाबदारी कोणाची, हा वादही या इतिहासात वारंवार उद्भवलेला दिसतो.

तेलाचे दिवे : १८७० नंतरच्या दशकात पुढचे चाक फार मोठे असलेल्या उंच सायकली प्रचारात आल्या. त्यांच्या हँडलावर टांगलेला दिवा रस्त्यापासून फार उंच राही व हिसक्यांनी विझे. यावर उपाय म्हणून पुढच्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधल्या जागेत, तुंब्यावर टांगता येईल असा दिवा काढण्यात आला. बर्मिंगहॅम येथील जोसेफ लूकस (१८३४–१९०२) यांनी १८७९ च्या सुमारास ‘किंग ऑफ द रोड’ या नावाने असा दिवा विकण्यास सुरुवात केली. या विक्रीतून त्यांचा धंदा वाढला आणि पुढे त्यांची कंपनी मोटारगाड्यांच्या विद्युत् साधनसामग्रीसाठी प्रसिद्धीस आली. जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या आकाराच्या चाकांची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल तयार केल्यावर दिव्याची जागा बदलली व तो हँडलाच्या खांबावर आला. खडबडीत रस्त्यावर तो विझू नये म्हणून त्याला स्प्रिंगांचा आधार देण्यात येई. अशा दिव्यांच्या दोन्ही बाजूंना पुष्कळदा जहाजांच्या धर्तीवर डावीकडे तांबडी व उजवीकडे हिरवी काच बसविलेली असे. वातीच्या ज्योतीचा प्रकाश अगदी क्षीण असल्याने रस्ता दाखविण्यापेक्षा स्वाराचे अस्तित्व कळविण्यासाठीच हे दिवे अधिक उपयोगी पडत.

ॲसिटिलीन दिवे : कॅल्शियम कार्बाइडावर पाणी पडले असता ॲसिटिलीन वायू निर्माण होतो, हे फ्रीड्रिख व्हलर यांनी १८६२ मध्ये दाखविले होते. तथापि कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची पद्धत १८९२ मध्ये टॉमस विल्सन यांना अमेरिकेत व त्याच सुमारास आंरी म्वासां यांना फ्रान्समध्ये विद्युत् भट्टीच्या साहाय्याने सापडली. त्यानंतर काही वर्षांतच सायकलींसाठी ॲसिटिलीन दिवे बाजारात आले. या दिव्याच्या वरच्या टाकीत पाणी व खालच्या डब्यात कार्बाइडाचे खडे असत. झडप फिरवून पाण्याचे थेंब कमीअधिक केले की वायूचा पुरवठा व त्याबरोबर प्रकाशही कमीअधिक होई. ॲसिटिलिनाची ज्योत तेलाच्या ज्योतीहून कितीतरी प्रखर व शुभ्र असल्याने सायकलस्वाराला पुढचा रस्ता प्रथमच खऱ्या अर्थाने दिसू लागला. मात्र हा दिवा रोज उघडून उरलेला चुना काढावा लागे, ज्वालकाचे बारीक छिद्र तुंबे, वायूला उग्र वास येई आणि थंड हवेच्या देशांत हिवाळ्यात टाकीतील पाणी गोठे. हे दोष असूनही १९२० नंतरच्या दशकापर्यंत ॲसिटिलीन दिवे मोठ्या प्रमाणावर वापरात होते.

कायदा व जबाबदारी : ब्रिटनमध्ये १८८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने सायकलीला रस्त्यावरील गाडीचा दर्जा दिला. रस्ता वापरण्याचा हक्क या दर्जाने मान्य झाला, पण त्याबरोबर कर्तव्येही आली. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत सायकलीवर पेटता दिवा असला पाहिजे, असे या अधिनियमात नमूद करण्यात आले. घंटा वाजविण्याचे बंधन १९३० मध्ये रद्द झाले, पण दिव्याचे बंधन पुढेही चालू राहिले.

पुढच्या दिव्याविषयी फारसा वाद झाला नाही. मागच्या दिव्याविषयी मात्र तो दीर्घकाळ चालला. मोटारगाड्यांची संख्या व वेग वाढू लागल्यावर मागून येणाऱ्या गाडीची धडक हा सायकलस्वारापुढील मोठा धोका ठरला. १९२७ च्या अधिनियमाने सायकलीला मागे तांबडा दिवा किंवा परावर्तक लावणे आवश्यक केले. १९३४ च्या कायद्याने मागील मडगार्डावर पांढरा पट्टा असण्याचे बंधन घातले. मागचा दिवा सक्तीचा करण्यास सायकलस्वारांच्या संघटनांचा तीव्र विरोध होता. आपल्या दिव्यांच्या झोतात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात थांबता येईल अशा वेगानेच मोटारचालकाने गाडी हाकली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सायकलस्वारावर मागच्या दिव्याची सक्ती केली तर समोरच्याला पाहण्याचे मोटारचालकाचे कर्तव्य शिथिल होते. वाटेत दिवा विझला आणि तो मागे असल्यामुळे स्वाराच्या ध्यानात आले नाही, तर अपघाताचा दोषही त्याच्याच माथी येतो. उलटपक्षी, अंधारात न दिसणाऱ्या माणसाला वाचविणे कितीही सावध चालकाला शक्य नाही, असे सक्तीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते.

हा वाद युक्तिवादाने सुटण्याऐवजी युद्धामुळे निकालात निघाला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये संपूर्ण अंधारपट लागू झाला, रस्त्यांवरील दिवे बंद झाले व गाड्यांच्या दिव्यांवर झाकणे बसविण्यात आली. या काळात रस्त्यावरील मृत्यू वाढले. १९४१ मध्ये ही संख्या ९,१६९ पर्यंत गेली. अशा परिस्थितीत सायकलींना मागचा तांबडा दिवा सक्तीचा करण्यात आला आणि १९४५ च्या अधिनियमाने ही सक्ती कायम झाली. अमेरिकेत निराळे धोरण स्वीकारण्यात आले. तेथे १९७६ पासून नव्या सायकलींवर पुढे, मागे, पायट्यांवर व चाकांवर परावर्तक बसविणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. विक्रीच्या वेळी दिवा मात्र आवश्यक ठरविण्यात आला नाही. परावर्तकाला स्वतःचा प्रकाश नसतो. दुसऱ्या वाहनाच्या दिव्याचा झोत त्यावर पडला तरच तो चमकतो. त्यामुळे आडव्या रस्त्याने येणाऱ्या वाहनाच्या चालकाला किंवा पादचाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही, असा आक्षेप या धोरणावर घेण्यात आला.

कोरड्या घटांचे दिवे : विद्युत् दिव्याचे प्रयोग सायकलीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. त्या वेळचे शिसे-अम्ल संचायक जड असत व त्यांतील अम्ल सांडे. विजेच्या दिव्यातील कार्बनाची तंतू वीज फार खाई आणि धक्क्यांनी तुटे. कार्ल गास्नर यांनी १८८६ मध्ये तयार केलेला कोरडा घट आणि १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी साध्य केलेली टंगस्टनाची लवचिक तार या दोन शोधांमुळे विद्युत् दिवा सायकलीवर टिकण्याजोगा झाला. [→ विद्युत् घट].

कोरड्या घटांच्या दिव्याचा व्यापारी इतिहास जपानमध्ये विशेष लक्षणीय ठरला. कोनोसुके मात्सुशिता (१८९४–१९८९) यांनी लहानपणी ओसाका येथील एका सायकलच्या दुकानात उमेदवारी केली होती. तेथे रात्री मेणबत्तीचे किंवा तेलाचे दिवे लावून सायकली चालविल्या जात व वाऱ्याने ते वारंवार विझत. बाजारात आलेले घटांवरील दिवे दोनतीन तासांतच मंद होत. मात्सुशिता यांनी १९२३ मध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिवा तयार केला. तो एका घटसंचावर तीस ते पन्नास तास जळे. घाऊक व्यापाऱ्यांचा या दाव्यावर विश्वास बसला नाही व त्यांनी माल घेण्याचे नाकारले. तेव्हा मात्सुशिता यांनी दिवे थेट किरकोळ सायकल दुकानदारांकडे ठेवले आणि ते पेटवून किती वेळ जळतात हे स्वतः पाहण्यास सांगितले. दुकानदारांची खात्री पटल्यावर मागणी वाढली. १९२७ मध्ये त्यांनी काढलेल्या चौकोनी दिव्याला ‘नॅशनल’ हे नाव देण्यात आले व पुढे ते नाव जगभर परिचित झाले. तथापि संपलेला कोरडा घट फेकून नवा घ्यावा लागत असल्याने रोज रात्री सायकल चालविणाऱ्या कामगाराला हा दिवा महागच पडे.

जनित्रावर चालणारे दिवे : ऊर्जा बरोबर वाहून न नेता चाकाच्या गतीतून मिळवावी, या कल्पनेतून सायकलचे जनित्र निर्माण झाले. व्यवहारात त्याला डायनामो म्हणतात. मात्र त्यात प्रत्यावर्ती, म्हणजे उलटसुलट दिशांनी वाहणारा विद्युत् प्रवाह निर्माण होतो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलचा जनित्रदीप बाजारात आणला. बाटलीच्या आकाराचे हे जनित्र टायरच्या बाजूला टेकविले की त्यावरील लहान चाक फिरते, चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळून फिरू लागतो व प्रवाह मिळतो. साधारणतः अशी जनित्रे ६ व्होल्ट दाबाला ३ वॉट शक्ती देतात. त्यांपैकी २·४ वॉट पुढच्या व ०·६ वॉट मागच्या दिव्यासाठी असतात. इंग्लंडमधील नॉटिंगॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये तुंब्यातच बसविलेले ‘डायनोहब’ हे जनित्र काढले. त्यात टायरवर घासण्याचा प्रश्न नव्हता.

जनित्राला घट विकत घ्यावे लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण होय. पण पावसात टायर ओला झाला की बाटलीच्या आकाराचे जनित्र घसरते, त्याच्या घर्षणाने सायकल जड चालते आणि सायकल थांबली की दिवा विझतो. चौकात उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी थांबलेला स्वार नेमक्या धोक्याच्या वेळी अंधारात राहतो. उतारावर वेग वाढला की विद्युत् दाब वाढून दिवे जळत. यांवर उपाय म्हणून थांबल्यावर कोरड्या घटांतून प्रवाह देणारी जोड साधने काढण्यात आली. पुढे इलेक्ट्रॉनीय मंडले उपलब्ध झाल्यावर धारित्रात साठविलेल्या ऊर्जेवर काही मिनिटे जळणारे दिवे प्रचारात आले. जर्मनीच्या वाहन नियमांनुसार रस्त्यावरील सायकलीला जनित्रदीप सक्तीचा होता. केवळ ११ किग्रॅ. हून हलक्या शर्यतीच्या सायकलींना घटांवरील दिवे चालत. ही सक्ती २०१३ मध्ये उठविण्यात आली व घटांवरील दिव्यांना सर्व सायकलींसाठी मान्यता मिळाली.

पुनर्भारणक्षम घटांचे दिवे : गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक व वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट शोधून काढला होता. तथापि सायकलीसाठी ते सोयीचे होण्यास ते बंदिस्त स्वरूपात मिळणे आवश्यक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेलयुक्त शिसे-अम्ल घटमाला व बंदिस्त निकेल-कॅडमियम घट तयार होऊ लागले. हॅलोजन दिव्यांशी त्यांची सांगड घालून १९८० नंतरच्या दशकात रात्रीच्या प्रवासासाठी व डोंगरी वाटांवर सायकल चालविणाऱ्यांसाठी प्रखर दिवे बनविण्यात आले. ते महाग व जड असत. उदा., ६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-अम्ल घटमालेचे वजन सु. पाऊण किग्रॅ. भरते. तीत २४ वॉट-तास ऊर्जा साठते व १२ वॉटांचा हॅलोजन दिवा तीवर जास्तीत जास्त दोन तास जळतो. घटमाला चौकटीला बांधून तारेने दिव्याला जोडावी लागे आणि रोज उतरवून भारित करावी लागे.

या स्थितीत दोन शोधांनी मूलभूत बदल घडवून आणला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घट व्यापारी स्वरूपात आणला. समान वजनाच्या शिसे-अम्ल घटापेक्षा त्यात चारपाच पट ऊर्जा साठते. या घटाच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध एलईडी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाश उत्सर्जक डायोडाचा होय. तांबडा दृश्य प्रकाश देणारा डायोड निक हॉलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला होता, त्यामुळे सायकलीच्या मागच्या दिव्यात तो आधी आला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र तेजस्वी निळ्या डायोडाची आवश्यकता होती. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांच्या संशोधनातून तो १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी साध्य झाला. या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्या डायोडावर पिवळ्या अनुस्फुरकाचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवितात.

तापलेल्या तंतूच्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पांढरा डायोड तेवढ्याच विजेत अनेक पट प्रकाश देतो व धक्क्यांनी तुटत नाही. बोटभर आकाराच्या, सु. ४५ ग्रॅ. वजनाच्या लिथियम-आयन घटात नऊ ते दहा वॉट-तास ऊर्जा मावते व तीवर २ वॉटांचा डायोड चार तासांहून अधिक काळ जळतो. त्यामुळे घट, मंडल, भिंग व खटका ही सर्व एकाच लहान कवचात सामावली. भ्रमणध्वनीच्या भारकावर चालणारी खाच त्याला बसविल्याने २०१० नंतर असे दिवे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. लुकलुकणाऱ्या दिव्यांना ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००५ पासून कायद्याची मान्यता आहे. मिनिटास ६० ते २४० वेळा ते चमकले पाहिजेत, अशी अट आहे.

प्रखरतेमुळे नवे प्रश्नही निर्माण झाले. चारी दिशांना पसरणाऱ्या झोताने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. यासाठी जर्मन नियमांत झोताची वरची कड स्पष्ट कापलेली असावी व १० मी. अंतरावर किमान १० लक्स प्रदीपन मिळावे, अशी अपेक्षा ठेवलेली आहे. लिथियम-आयन घट इजा झाल्यास किंवा प्रमाणाबाहेर भारित केल्यास पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्यासोबत संरक्षक मंडल आवश्यक असते. पाणी आत शिरू न देणारे कवच हीही पावसाळी प्रदेशांत महत्त्वाची गरज होय.

दिव्याच्या उपयुक्ततेविषयीचा एक नियंत्रित प्रयोग डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये करण्यात आला. ३,८४५ सायकलस्वारांपैकी काहींना रात्रंदिवस चालू राहणारे दिवे देण्यात आले. असे दिवे असलेल्या गटातील अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. हे दिवे चाकाच्या आऱ्यांवर बसविलेल्या चुंबकांमुळे प्रज्वलित होणारे होते व त्यांना घट लागत नव्हते.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत सायकलीबरोबर तिच्या दिव्याचा नियमही भारतात आला. महाराष्ट्रातील शहरांत रात्री दिव्याविना सायकल चालविणाऱ्यास पोलीस अडवीत व दंड होई. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने वाहनांवरील दिव्यांची संख्या, जागा व वेळा ठरविणारे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी यांना दिला. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात रॉकेलची बत्ती, मग डायनामो व त्याच्या जोडीला हातातील विजेरी असा क्रम दिसून येतो. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनेपत, लुधियाना इ. ठिकाणी सायकलींचे मोठे कारखाने निघाले आणि दिवे व डायनामो यांचेही देशात उत्पादन होऊ लागले. मात्र भारतातील साधी सायकल बहुधा दिव्याविना विकली जाते व दिवा गिऱ्हाइकाला वेगळा घ्यावा लागतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सु. ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. पाळीवर जाणारे कामगार, पहारेकरी, पहाटे दूध व वृत्तपत्रे टाकणारे लोक यांना अंधारात सायकल चालविणे टाळता येत नाही आणि यांपैकी अनेकांच्या वाटेवर रस्त्यावरचे दिवेही नसतात. पूर्वी विझलेल्या दिव्याचा दंड भरावा लागणारा स्वार बहुधा याच वर्गातील असे. दंडाचा धाक कमी झाल्यावर दिव्यांचा वापरही घटला, पण वाहनांचा वेग व गर्दी वाढतच गेली. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींवरील परावर्तक साधनांच्या गुणवत्तेसंबंधी आदेश काढला. या उपायाचा सर्व भार उत्पादकावर पडतो व स्वाराला वेगळा खर्च करावा लागत नाही. तथापि परावर्तकाच्या मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे कायमच राहतात. वापरून झालेले घट गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याचे दायित्व २०२२ च्या घटमाला कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकले आहे.

पुनर्भारणक्षम दिव्याने तेल, कार्बाइड व फेकाऊ घट यांचा रोजचा खर्च संपविला व थांबलेल्या सायकलीवरील दिवा जळता ठेवला. तरी दिवा सायकलीचाच एक भाग मानून कारखान्यातून तिच्याबरोबर द्यावा, की तो स्वाराने स्वतःच्या खर्चाने घ्यावा, याविषयी निरनिराळ्या देशांची धोरणे अद्याप एकसारखी नाहीत.